दाराचं वाण

"वाण म्हणून काय देणार म्हणालीस?"

"दार."

आमच्या ह्यांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि आधी माझ्याकडे, मग समोरच्या दाराकडे बघितलं.

"ते कारखान्याचं आहे," हे म्हणाले. "उचकटून वाटलंस तर माझ्या पगारातून कापतील."

"उचकटत नाही. जागेवरच ठेवून वाटणार आहे."

"हेमा, संक्रांतीला बायका गाळणी देतात, साबणाची डबी देतात. आपणही तेच द्यावं आणि मोकळं व्हावं."

गाळणीचं नाव काढलं आणि माझं डोकं फिरलं. सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्ही राहायचो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी हळदीकुंकू, आणि प्रत्येक घरून एक वस्तू. आदल्या वर्षी मी चहाच्या गाळण्या वाटल्या होत्या. त्यातल्या एकीचा दांडा माझ्याच हातून वाकला होता. या वर्षी पहिल्याच दिवशी समोरच्या शेवंता माने यांनी मला मोठ्या प्रेमानं गाळणी दिली, तर दांडा वाकडा. वाण लुटायचं असतं म्हणतात; आमच्याकडे ते नुसतं फिरत होतं. तेव्हाच ठरवलं, यंदा वस्तू द्यायची नाही.

हे सगळं मी ह्यांना सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण खरं कारण भिंतीपलीकडं राहत होतं.

आमची क्वार्टर जोडाची. मधली भिंत एका विटेची, पलीकडं संपत जगदाळे. बॉयलरवर कामाला, गोरागोमटा, वाकून नमस्कार करणारा माणूस. घरात त्याची आई गोदाक्का. लवकर विधवा झालेल्या, अंगानं वाळलेल्या, जिभेनं तिखट. आम्ही तिथं राहायला आलो तेव्हा दोघंच मायलेक होते, आणि दुपारचा चटणी कुटल्याचा धप धप आवाज तेवढा भिंतीतून यायचा. मग संपतचं लग्न झालं. आटपाडीकडची उज्ज्वला सून म्हणून आली. चटणी कुटणं थांबलं आणि वेगळे आवाज सुरू झाले. आधी रेडिओ मोठा व्हायचा. मग भिंतीवर काहीतरी आदळायचं. थोड्या वेळानं रेडिओ बारीक व्हायचा.

नळावर भेटली की पोरीच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या आणि गालावर ओढून घेतलेला पदर. मी एकदा विचारलं, "हे काय गं कपाळाला?" तर म्हणाली, "चौकट लागली, काकी." आणि लगेच मागं वळून बघितलं. मागं गोदाक्का होत्याच. नळावर, गिरणीत, देवळात, कुठंही उज्ज्वला गेली की दोन पावलं मागं गोदाक्का. मुलगा आत मारतो आणि आई बाहेर राखण करते, असा माझा हिशेब पक्का झाला होता. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात; या पोरीच्या वाट्याचे चार दिवस गोदाक्कांनी कुलपात घालून ठेवल्यासारखे दिसत होते. मला त्या बाईचा मनापासून राग यायचा.

एकट्या उज्ज्वलाला काही सांगायला गेले असते तर संध्याकाळपर्यंत संपतला कळलं असतं. म्हणून ठरवलं, सगळ्यांनाच द्यायचं.

आमच्याकडच्या हळदीकुंकवाला अंगणात सतरंजी टाकली. गळीत हंगाम जोरात होता, चिमणीतून काजळी पडत होती आणि बायका पांढऱ्या हलव्याच्या वाट्या पदराखाली झाकून बसल्या होत्या. हळदकुंकू लावून मी प्रत्येकीच्या कानाशी वाकायचे आणि तेच सांगायचे, "माझं दार तुझं. कधीही वाजव. का आलीस ते विचारणार नाही."

"म्हंजे यंदा गाळणी न्हाई?" शेवंताबाई म्हणाल्या.

"गाळणी संपली. तुमच्याकडूनच परत आली."

बायका खो खो हसल्या. उज्ज्वला हसली नाही. मी तिच्या कानाशी वाकले, बोलले, आणि तिनं नुसतं खाली बघितलं. तिच्या अंगाला तेलाचा आणि ओव्याच्या शेकाचा वास येत होता.

गोदाक्का सतरंजीपासून लांब, अंगणाच्या कडेला बसल्या होत्या. विधवा बाईनं हळदीकुंकवात बसायचं नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. पण डोळे सुनेवर.

"काय सांगितलंस गं तिच्या कानात?" त्यांनी तिथूनच विचारलं.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी सरळ त्यांच्यापुढं जाऊन बसले.

"वाण दिलं. तुम्हालाही देते."

"मला? माझं कपाळ बघितलंस का?"

"हे वाण कपाळाला लावायचं नाही, गोदाक्का." आणि त्यांच्याही कानात तेच सांगितलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ते त्यांना द्यायचं नव्हतं. संशय मिटावा म्हणून दिलं.

त्यांनी आपला तळहात पुढं करून बघितला. "काय बी न्हाई की ह्यात."

"काहीच नाही."

"वाण माघारी देत न्हाईत म्हंत्यात."

"नाही देत."

"मग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या आणि सुनेला हाक मारून निघून गेल्या.

माझ्या वाणाचा वसाहतीत बोभाटा झाला. पुढच्या दोन-तीन दिवसांत दार वाजायला लागलं आणि मी हरखून गेले. एक जण दुपारी आली आणि आमच्या माजघरात तासभर ढाराढूर झोपून गेली. म्हणाली, घरात सासरे खोकतात. एका माळकरी घरातली सून सुकट खायला आली, पोटभर खाल्ली आणि वेलदोडा चघळत गेली. शेवंताबाई आल्या, पंख्याखाली बसल्या, थोडं रडल्या आणि "बरं हाय, भाकऱ्या राहिल्यात" म्हणून उठल्या. मी कुणालाच काही विचारलं नाही. पण जिच्यासाठी दार ठेवलं होतं ती येत नव्हती.

आला तो संपत. हे ड्युटीवर गेल्यावर, अंघोळ करून, परीटघडीचा शर्ट घालून.

"वैनी, तिळगूळ घ्या."

मी हात पुढं केला. त्यानं चार दाणे हलवा ठेवला.

"आमच्या दोघींना वाण दिलं म्हनं तुम्ही. घरात तर काय दिसंना. ट्रंका उपसल्या, डबं उपसलं. मग उज्ज्वलाला इचारलं." तो हसला. "लई इचारलं. तवा कुठं सांगितलं तिनं."

तो दाराच्या फळीवरून हात फिरवत होता.

"चांगलं हाय दार. कडी तेवढी बारीक हाय. आमी बॉयलरवरची मानसं, असल्या कड्या आमच्या हाताला टिकत न्हाईत."

"संपतराव, काय काम होतं?"

"वाण माघारी घ्या."

"वाण माघारी घेत नसतात."

"असं म्हंता? मग ऱ्हाऊ दे." आवाज इतका मऊ की ओसरीवरून जाणाऱ्याला वाटलं असतं, शेजारी सणाचं बोलतायत. "पर माझ्या घरातलं मानूस ह्या दारात दिसलं, तर दार कारखान्याचं हाय का तुमचं, हे मी बघनार न्हाई. येतो. गोड बोला."

तो गेल्यावर मूठ उघडली तर हलवा घामानं विरघळला होता.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ह्यांनी आधी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "त्याचा मामा संचालकांच्या उठण्याबसण्यातला आहे. आपण बाहेरगावची माणसं. तू आता गप्प बस." माणूस भित्रा आहे, असं मी मनात म्हणून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना ह्यांनी जाड लोखंडी कडी आणली आणि अक्षर न बोलता जुन्या कडीच्या वर ठोकली.

त्यानंतर भिंत गप्प झाली. रेडिओ नाही, आदळआपट नाही, भांड्याचा आवाजसुद्धा नाही. आवाज येत होते तेव्हा मी कानात बोटं घालायचे. आता भिंतीला कान लावून बसायला लागले. ती जिवंत आहे का, एवढंच मला हवं होतं. एका दुपारी न राहवून लाटण्यानं भिंतीवर टकटक केलं. उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात उज्ज्वला दिसली. दोरीवरचं लुगडं काढत होती. मला बघून ती थांबली, आणि तिचा एक हात आपसूक पोटावर गेला. मी काय ते समजले.

"गोदाक्का," मी कुंपणावरून म्हटलं, "पोरीला दिवस गेलेत का?"

"तुला काय करायचंय?" त्यांनी उज्ज्वलाला दंडाला धरून आत ढकललं. मग कुंपणापाशी येऊन, माझ्याकडे न बघता, लुगड्याच्या निऱ्या करत म्हणाल्या, "आन् भिताड वाजवू नगंस. तो ड्युटीवर गेलाय का न्हाई ते तुला कुठं कळतंय?"

मला वाटलं, धमकी देतायत.

रथसप्तमीला, हे ड्युटीवर गेल्यावर, मी मागच्या अंगणात गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध उतू घालवत होते. ऊन डोक्यावर यायला आलं होतं. दूध फेसाळून वर आलं आणि त्याच वेळी पुढचं दार वाजलं. दोन्ही मुठींनी, धाडधाड. अख्ख्या ओळीला ऐकू जाईल अशी हाकही आली. "हेमे! दार उघड! आमाला आत घे गं!"

मी धावत गेले. दारात गोदाक्का. पायरीवर उज्ज्वलाच्या हिरव्या पट्ट्याच्या चपला काढलेल्या. माझा जीव भांड्यात पडला.

"उज्ज्वला कुठंय?"

गोदाक्का आत आल्या, दार लोटलं, दोन्ही कड्या स्वतःच्या हातानं लावल्या आणि दाराला पाठ टेकून खाली बसल्या.

"हितंच हाय म्हन."

"म्हणजे?"

"तो आला की म्हन, हितंच हाय. न्हाईतर म्हनूच नगंस काय. चपला बोलतील."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या अनवाणी होत्या. आपल्या चपला त्यांनी सुनेच्या पायात घातल्या होत्या.

"आटपाडीची गाडी एकच्या भोंग्याला फाट्यावरनं सुटती," त्या म्हणाल्या. "बारालाच तो जेवाय येतोय. घर मोकळं दिसलं तर फटफटी काढून सरळ फाट्यावर जाईल. तासभर त्याला कुठं तरी गुतवाय पायजे."

"मग तिलाच इथं का नाही आणलंत? मी दार दिलं होतं ना?"

गोदाक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. शेजारच्या खुळ्या पोरीकडे बघावं तसं बघितलं.

"तुजं दार लई जवळ हाय गं. एका भिताडाच्या पल्याड पळून कोन सुटतंय? तिला लांबचं दार पायजे हुतं."

बाराचा भोंगा झाला. पलीकडं दार उघडल्याचा आवाज आला. हाका आल्या, एक, दोन. मग पायऱ्यांवर पावलं आमच्याकडं वळली आणि थांबली. चपला दिसल्या होत्या.

"उज्ज्वला," तो हळू आवाजात म्हणाला. "चल. जेवायचं थांबलोय."

गोदाक्कांनी ओठांवर बोट ठेवलं.

"वैनी, दार उघडा. नवराबायकुचं हाय. तुमी मधी पडू नगा." मग थोड्या वेळानं, "आये, तू बी आतच हाईस न्हवं? तुला राखण ठेवली हुती मी." आणि मग पहिली धडक बसली. वरच्या कडीचे खिळे हलले. भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. बाहेर कुणाची तरी खिडकी उघडली आणि लगेच बंद झाली.

गोदाक्का दाराला पाठ लावून बसल्याच होत्या. प्रत्येक धडकेला त्यांचं अंग पुढं हलत होतं, आणि त्या अगदी हळू, कुठल्या तरी जुन्या बाजारहाटाचं सांगावं तशा बोलत होत्या.

"त्याचा बा बी असाच हुता. त्यो मेला, तवा वाटलं सुटले. ह्याला वाढवला. मोठा झाला आन् बाची जागा घेतली."

मी विचारलं, "म्हणजे, तुम्हाला?"

"हेमे, तू हितं ऱ्हायला आलीस तवा मला इचारलं हुतंस बघ, गोदाक्का, रोज कसली चटणी कुटता एवढी? मी म्हनलं, कांदालसनाची. तू म्हनलीस, आमाला बी द्या वाईच."

मला आठवलं. मी वाटीसुद्धा दिली होती.

"चटणी वरसाची एकदा कुटत्यात, उन्हाळ्यात. ह्या मुलखातली हाईस ना तू? बारा म्हयने कोन कुटतंय गं चटणी?"

धडक बसली. एक खिळा निघून फरशीवर पडला. पण मला आता भीती दाराची राहिली नव्हती.

"तवा मीच म्हनलं, लगीन करू ह्याचं. लोकं म्हनली, सुधारंल. मी तसलं काय मनात आनलं न्हवतं. आटपाडीला जाऊन गरिबाची पोर बघितली, तोंड दाबून सोसंल अशी. माझ्या जागंवर आनली तिला. आन् मी निजले. दोन वरसं निवांत निजले भिताडाकडं तोंड करून." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आता पोटात लेकरू हाय. त्ये बी त्याच्यावानीच निपजायचं, हितं ऱ्हायलं तर. मागल्या अंगनी तुला म्हनलं, भिताड वाजवू नगंस. तिच्या मामाला मी निरोप धाडला हुता, आन् तू टकटक करून त्याला जागा करत हुतीस."

मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले. त्यांचा हात धरला. मनगट पूर्वी कधीतरी मोडून वाकडं सांधलेलं होतं. सहा वर्षं ते मनगट मी रोज नळावर बघत होते.

बाहेर तो आता ओरडत होता, लाथा घालत होता. कडी अर्धी लोंबत होती. आणि मग एकचा भोंगा झाला, लांबलचक, आणि तो थांबेपर्यंत गोदाक्का डोळे मिटून बसल्या.

"गेली," त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "आता उघड."

"नाही उघडणार."

"उघड. कारखान्याचं दार हाय, भरपाई तुज्या मालकाला पडंल."

त्यांनीच कडी काढली. संपत आत शिरला, मला खांद्यानं ढकलून सरळ माजघरात. पलंगाखाली, न्हाणीत, अंगणात. दुधाचं बोळकं लाथेनं उडालं. तो परत आला तेव्हा त्याचा पांढरा शर्ट काजळीनं भरला होता, आणि आवाज पुन्हा मऊ झाला होता.

"कुठाय ती?"

"ती हितं न्हाई," गोदाक्का म्हणाल्या. "मी हाय."

दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. मग गोदाक्कांनी डोक्यावरून पदर घेतला आणि त्याच्या पुढं होऊन आपणच चालायला लागल्या. मी हात धरला तर सोडवून घेतला. "अजून गाडी भिवघाट चढाय पायजे," असं काहीसं पुटपुटल्या.

पलीकडचं दार बंद झालं. कडी लागली. रेडिओ मोठा झाला. आणि मग भिंतीतून तो आवाज आला, धप, थोडं थांबून परत धप. कांडण केल्यासारखा, एका लयीत. दोन वर्षं तो मी ऐकला नव्हता, पण ओळखायला मला क्षणसुद्धा लागला नाही.

मी अनवाणीच बाहेर पडले. आमच्या पायऱ्या उतरायच्या आणि त्यांच्या चढायच्या, एवढंच अंतर. मी दोन्ही मुठींनी त्यांचं दार वाजवायला लागले. शेजारी राहून त्या दाराला मी पहिल्यांदाच हात लावत होते.

आवाज थांबला. रेडिओ चालू राहिला.

"कोन हाय?" आतून संपत.

"मी हेमलता. दार उघड."

"काय काम हाय?"

"काम काही नाही. उघडेपर्यंत वाजवणार."

"वैनी, घरात जा. गोडीत सांगतोय."

मी वाजवत राहिले. समोरून शेवंताबाई पिठाचे हात घेऊन ओट्यावर आल्या. माझ्याकडे बघितलं, घराकडे बघितलं, आणि रस्ता ओलांडून येऊन त्याही वाजवायला लागल्या. त्यांच्या पिठाच्या मुठी दारावर उमटत होत्या. त्यांच्या मागून सुकटवाली आली, नुसती येऊन उभी राहिली, मग तिनंही हात उचलला. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं.

बऱ्याच वेळानं रेडिओ बंद झाला. कडी निघाली. दार उघडलं ते गोदाक्कांनी. एक डोळा मिटलेला, ओठ फुटलेला. मागं अंधारात तो उभा होता, आणि इतक्या बायका बघून पुढं यावं की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं.

गोदाक्कांनी उंबरा ओलांडला. माझ्यासमोर येऊन थांबल्या, आणि उघड्या डोळ्यानं मला नीट बघून घेतलं.

"लई उशीर केलास गं," त्या म्हणाल्या.